सावलीच्या बागेत बाशिंग नेच्याची लागवड

कोकणात व गोव्यात जुन्या आंब्यांच्या खोडांवर, सावलीतील जांभ्याच्या गडग्यांवर आणि सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवरील खडकांवर एक मोठा नेचा वाढलेला आढळतो. यास आपल्याकडे बाशिंग किंवा वांदरबाशिंग म्हणतात. याचे शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया असे आहे. लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५३ साली याचे वर्णन केले, तेव्हा ओक वृक्षाच्या पानाशी असलेल्या साम्यावरून त्याने हे जातिनाम दिले. विहिरीच्या कडेची, गोठ्यामागची किंवा पोफळीच्या बागेतील जी सावलीची जागा फुलझाडांच्या उपयोगी पडत नाही, ती या देशी वनस्पतीने उत्तम शोभते. मात्र तिच्याविषयी काही गैरसमज असल्याने पुष्कळदा चांगली वाढलेली झाडे खरवडून फेकून दिली जातात. म्हणून तिचा स्वभाव प्रथम समजून घेणे अवश्य आहे.

बाशिंग हे बांडगूळ नव्हे

बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या आत घुसवते आणि झाडाचा रस घेते. बाशिंगाची मुळे सालीवर केवळ वरवर चिकटतात. आंबा त्याला आधार देतो, अन्न देत नाही. तेव्हा कलमांची निगा राखताना बांडगूळ अवश्य काढावे. पण त्याबरोबर बाशिंग काढण्याचे कारण नाही. एखाद्या अशक्त वा वाळक्या फांदीवर फार भार झाला असेल, तर तेवढेच गड्डे सोडवून अन्यत्र लावावेत.

दोन प्रकारची पाने

या नेच्याला दोन प्रकारची पाने येतात. पहिली हिरवी, लांब देठाची व खोलवर कातरलेली असून हात-दीड हात वाढतात. त्यांच्या पाठीवर बीजाणूंचे तपकिरी ठिपके ओळीने दिसतात. दुसरी पाने आखूड, रुंद व बिनदेठाची असतात. ती कोवळेपणी हिरवी असतात. परंतु लवकरच तपकिरी व कागदासारखी कडक होऊन खोडाला उभी चिकटून राहतात. कपाळावर बांधलेल्या बाशिंगासारखी ती दिसतात.

ही तपकिरी पाने वाळलेली दिसली, तरी निरुपयोगी नसतात. वरून पडणारा पालापाचोळा व धूळ त्यांच्या खोबणीत साचते, तेथेच कुजते, आणि त्या कुजलेल्या थरात मुळे शिरून ओल व अन्न घेतात. शेतकऱ्याने खताचा खड्डा करावा, तसा हा खड्डा ही वनस्पती स्वतःच उंचावर तयार करते. बाग स्वच्छ दिसावी म्हणून ही पाने तोडली, तर झाडाचे अन्न व पाणी दोन्ही तोडले जाते. बाशिंग दगावण्याचे हे एक मोठे कारण होय.

रोपे कोठून मिळवावी

याचे जाड, मांसल व तांबूस लवेने झाकलेले आडवे खोड लोकवैद्यकात वापरतात. त्यामुळे रानातून ते मोठ्या प्रमाणावर खरवडून नेले, तर त्या ठिकाणी पुन्हा वाढ होण्यास वर्षे लागतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ व वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांनुसार राखीव वनातून किंवा अभयारण्यातून परवानगीवाचून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. लागवडीसाठी आपल्याच आवारातील छाटलेल्या वा वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरील गड्डे घ्यावेत, अथवा शेजाऱ्याकडील वाढलेल्या गड्ड्याचा तुकडा मागून घ्यावा. बीजाणूंपासूनही रोपे होतात. परंतु त्यास फार काळ व काळजी लागते.

लागवडीची रीत

पहिल्या पावसानंतर हवेत ओल टिकू लागली म्हणजे लागवड करावी. धारदार व स्वच्छ सुरीने खोडाचे सुमारे १० ते १५ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याला वाढता शेंडा व एक-दोन पाने असावीत. खरखरीत सालीच्या झाडावर, ओंडक्यावर किंवा गडग्याच्या फटीपाशी नारळाच्या सोडणाचा थर ठेवून त्यावर तुकडा काथ्याच्या सुंभाने घट्ट बांधावा. शेंडा उघडा ठेवावा. तुकडा मातीत पुरू नये; पुरल्यास खोड कुजते. मुळांनी पकड घेतल्यावर सुंभ काढला तरी चालतो.

झाडाची सोय नसल्यास बांबूची परडी शिंकाळ्यात टांगावी. तीत सोडणाचे तुकडे २ भाग, विटांचे वा कोळशाचे तुकडे १ भाग आणि कुजलेला पालापाचोळा १ भाग घालून तुकडा वर ठेवावा.

निगा

दुपारच्या कडक उन्हापासून संरक्षण हवे. तथापि गडद अंधारही उपयोगी नाही. पानांमधून गाळून येणारा प्रकाश सर्वांत चांगला. पावसाळ्यात पाणी देण्याची गरज नसते. एरवी सोडण कोरडे होऊ लागताच पाणी शिंपडावे. रासायनिक खते देऊ नयेत. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा शेणाची गाळलेली, अतिशय पातळ निवळी पुरे होते.

उन्हाळ्यात हिरवी पाने गळून केवळ शिरा व तपकिरी पाने उरतात. झाड मेले असे समजून ते उपटू नये, आणि घाबरून अधिक पाणीही घालू नये. खोड दाबून पाहावे. ते घट्ट असल्यास पावसाबरोबर नवी पाने फुटतील.

कीड

पानामागील ओळीतील ठिपके हा रोग नव्हे, ते बीजाणूंचे पुंजके होत. ठिपके वेडेवाकडे, देठावरही पसरलेले व नखाने सुटणारे असतील, तर ती खवले कीड समजावी. ती सौम्य साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पुसून काढावी. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब खातात; त्या संध्याकाळी हाताने वेचाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एखाद्या जुन्या आंब्याखाली शेतकऱ्यांना एकत्र करून बांडगूळ व बाशिंग यांतील भेद प्रत्यक्ष दाखवावा. शाळेच्या आवारात छाटणीतून मिळालेले दोन-चार तुकडे मुलांकडून लावून घ्यावेत. पुढील उन्हाळ्यात पाने गळाली, तरी ते तुकडे जागेवर राहू द्यावेत. पावसानंतर फुटणारी पालवी मुलांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना हा धडा पुन्हा देईल.