लॅपटॉप म्हणतो, डिस्क सापडत नाही

आपल्या पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात आणि भोवतालच्या खेड, मावळच्या गावांत काही बचत गटांनी आता लॅपटॉप घेतला आहे. कुणी त्यात कंपनीच्या डब्यांच्या ऑर्डरी लिहितं, कुणी मसाल्याची बिलं, कुणी गटाचं कर्जखातं आणि बैठकीचं इतिवृत्त. मग एके दिवशी बटण दाबलं की पडद्यावर येतं, 'नो बूटेबल डिव्हाइस'. म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ती लॅपटॉपला सापडत नाही. अ‍ॅपलच्या काही लॅपटॉपवर प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डर दिसतं. दुकानात नेलं की उत्तर मिळतं, "बोर्ड गेला ताई, नवीन घ्या." इकडे बँकेत कर्जाची फाइल द्यायची असते आणि तीन वर्षांचा हिशेब त्या लॅपटॉपमध्ये अडकलेला असतो.

म्हणून आज याबद्दल बोलू. पहिली गोष्ट मनात पक्की करा. डिस्क सापडत नाही म्हणजे हिशेब पुसला गेला, असं नाही. डिस्क ही धान्याची कोठी आहे आणि मदरबोर्ड म्हणजे कोठीपर्यंत नेणारी वाट. वाट बंद पडली म्हणून धान्य नासत नाही. वाट बंद आहे की कोठीच फुटली आहे, हे आधी तपासायचं. तोवर पडद्यावर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' असा शब्द आला तर त्याला होकार द्यायचा नाही. खरं नुकसान पुष्कळदा तिथेच होतं.

तपासायची पद्धत तुमच्या घरातल्या कुणाला तरी ठाऊक असेल. चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात मुली मोटारसायकली जोडतात. भोसरीत, तळवड्यात लहान वर्कशॉप आहेत. तिथे मशीन थांबलं की कुणी एकदम महागडं कार्ड बदलत नाही. आधी वीज येते का, वायर निघाली का हे बघतात, मग एक सुटा भाग बदलून पाहतात. स्वस्तापासून महागापर्यंत जायचं. लॅपटॉपलाही हाच क्रम.

पहिली पायरी घरीच करा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, चार्जर सगळं काढा. लॅपटॉप पूर्ण बंद करून पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून सुरू करा. पेनड्राइव्ह राहून गेला असेल, तर लॅपटॉप त्यावरूनच सुरू व्हायला बघतो आणि अडतो.

दुसरी पायरी बायोसची. विंडोज सुरू होण्याआधी लॅपटॉप आपली स्वतःची तपासणी करतो, त्याचा हा पडदा. सुरू करतानाच डेल, एसर, आसूस, लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ २ आणि एचपीवर एफ १० ही कळ दाबत राहा. तिथे काहीही बदलायचं नाही, फक्त वाचायचं. डिस्कचं नाव आणि २५६ किंवा ५१२ जीबी असा आकडा दिसतो का? दिसला, तर बोर्डाला डिस्क दिसते आहे. मग बिघाड बहुधा विंडोजमध्ये, सेटिंगमध्ये किंवा डिस्कवरच्या एखाद्या खराब भागात असतो, आणि तेव्हा बोर्ड बदलायचं कारण नाही.

त्याच पडद्यावर तारीखही बघा. ती काही वर्षं मागची असेल, तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपत आलेली असते. ती संपली की सेटिंग मूळ पदावर जातात, आणि डिस्क शाबूत असूनही विंडोज उघडत नाही. बॅटरी स्वस्त असते. ती बदलून सेटिंग पूर्ववत करता येतं.

आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा. विंडोज नव्याने टाकताना डिस्क दिसत नाही, म्हणून दुकानदार ती खराब ठरवू शकतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपना तेव्हा एक वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. तो दिला की डिस्क दिसते.

बायोसमध्येही डिस्क दिसली नाही, तर तिसरी पायरी. इथून पुढे जाणकार हात हवा. मागचं झाकण उघडून आधी बॅटरीची जोडणी काढायची, मग डिस्क काढून पुन्हा नीट बसवायची. आजची एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीसारखी असते आणि एका बारीक स्क्रूवर बसते. आदळआपटीने ती सैल होते, टोकांवर ओल किंवा धूळ बसते. जुन्या प्रकारची चौकोनी डिस्क असेल, तर तिची पातळ पट्टीसारखी केबल तपासायची. अ‍ॅपलच्या २०१२च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये ही केबल खराब होणं हा नेहमीचा बिघाड होता. त्यात डिस्कही चांगली असायची आणि बोर्डही.

चौथी पायरी निकालाची. डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालायची आणि दुसऱ्या लॅपटॉपला लावायची. तिथे फाइली दिसल्या, तर बाकी सगळं सोडून आधी त्यांची नक्कल करून घ्या. मग उलट तपासणी. चांगली चालणारी, त्याच प्रकारची दुसरी डिस्क आपल्या लॅपटॉपमध्ये घालून बघायची. तीही सापडली नाही, तर दोष बोर्डाचा. ती सापडली आणि आपली डिस्क कुठेच दिसली नाही, तर दोष डिस्कचा. या दोन अदलाबदली न करता "बोर्ड गेला" म्हणणं हा नुसता अंदाज आहे.

डिस्क दुसरीकडे लावल्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागितली, तर घाबरू नका. विंडोजने माहितीला कुलूप लावलेलं असतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता, त्या खात्यात ती किल्ली साधारणपणे जपलेली असते. ते खाते कधी अध्यक्षांच्या मुलाचं असतं, कधी विकणाऱ्याचं. लॅपटॉप चालू आहे तोवरच ते शोधा आणि किल्ली गटाच्या वहीत उतरवून ठेवा.

दोष बोर्डाचाच निघाला, तरी लगेच भंगार नाही. पट्टीच्या एसएसडीला बोर्डाकडून ३.३ व्होल्ट वीज लागते. ती जागेवर पोचते का, हे कारागीर मल्टिमीटरने मोजतो. पाणी किंवा चहा सांडून गंज चढला असेल, एखादा बारीक सुटा भाग जळला असेल, तर तेवढाच बदलता येतो. मात्र मुख्य चिप गेली असेल तर खर्च लॅपटॉपच्या किमतीशी ताडून बघावा. डिस्क चांगली असेल, तर ती दुसऱ्या लॅपटॉपला जोडून काम पुढे नेता येतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये आणि अ‍ॅपलच्या अलीकडच्या लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. ती काढून दुसरीकडे लावता येत नाही. बोर्ड गेला की माहिती परत मिळवणं फार अवघड होतं. म्हणून लॅपटॉप घेतानाच विचारा, "दादा, यातली डिस्क सुटी निघते का?"

दुरुस्तीला देताना पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: लॅपटॉपचा आणि डिस्कचा सिरियल नंबर, "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हे वाक्य, आणि काढलेला जुना भाग परत मिळेल ही नोंद. पावती मिळाली नाही, तर लॅपटॉप ठेवून येऊ नका. फसवणूक झाली असं वाटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता गटाच्या कामाचं. पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्या जोडीला नोंदी आहेत. लॅपटॉप आला म्हणून हाताने लिहिलेलं रजिस्टर बंद करू नका. दर बैठकीनंतर फाइलींची एक नक्कल पेनड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या सभासदाच्या घरी ठेवा. पेनड्राइव्हही बिघडतो, म्हणून दुसरी नक्कल गटाच्या ईमेलवर पाठवा. महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर उघडून बघा, कारण न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखी.

पुढच्या बैठकीत हे काम एका ताईंच्या नावावर लिहून टाका. दर महिन्याला ते काम झालं का, एवढं बैठकीत विचारत चला.