फळमाशीचे ‘शिकणे’

मराठीत ‘फळमाशी’ हे एकच नाव दोन भिन्न कीटकांस लावले जाते. सडलेल्या फळांवर घोंगावणारी ड्रॉसोफिला ही एक. बारामती-इंदापूरकडील, जळोचीसारख्या गावच्या बागाइतदारास नडणारी, पिकू लागलेल्या पेरूच्या सालीखाली अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा ही दुसरी. या दुसरीच्याच कुळातील, अमेरिकेतील सफरचंदावरील माशीविषयीचे प्रयोग प्रोकोपी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केले. एका जातीच्या फळावर अंडी घालण्याचा अनुभव मिळालेली मादी पुढे अपरिचित फळ बहुधा नाकारते, असे त्यांत आढळले. हा बदल उपजत नसून अनुभवजन्य होय. म्हणूनच त्यास ‘शिकणे’ म्हणावयाचे. मात्र एका माशीवरील निष्कर्ष केवळ नामसाम्यावरून दुसरीस लावणे युक्त नव्हे. संज्ञा सैल असली की अनुमानही सैल होते.