ओळखीपलीकडचा ग्राहक : गेस्ट ब्लॉगिंग आणि मोबाईलवर नीट उघडणारी वेबसाइट

आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी आज नोकरीची वाट न पाहता ऑनलाईन व्यवसायाकडे वळत आहेत. कुणी मसाले विकते, कुणी पुस्तके, कुणी कपडे, तर कुणी डिझाईनचे किंवा शिकवणीचे काम घेते. सुरुवात बहुतेकांची सारखीच असते. व्हॉट्सॲपवर फोटो टाकले जातात, नातेवाईक आणि मित्र पहिल्या ऑर्डर देतात, संघटनेतील कार्यकर्ते कौतुकाने पोस्ट पुढे पाठवतात. दोन-तीन महिन्यांनी मात्र ऑर्डर थांबतात. माल तोच असतो, मेहनतही तीच असते, पण ओळखीचे ग्राहक संपलेले असतात. दीक्षाभूमी किंवा चैत्यभूमीवर स्टॉल लावणाऱ्यांनाही हा अनुभव असतो. त्या दोन-तीन दिवसांत विक्री जोरात होते आणि बाकीचे वर्ष कोरडे जाते.

ज्या घरात पिढ्यानपिढ्या व्यापार आहे, तिथल्या मुलाला दुकानाबरोबर आणखी बरेच काही मिळते. उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी, जुने गिऱ्हाईक आणि वडिलांच्या नावावर विश्वास ठेवणारी माणसे त्याला आयती मिळतात. पहिल्या पिढीच्या उद्योजकाकडे हे जाळे नसते. जाहिरातीसाठी भांडवल नसताना ते कसे उभे करायचे, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे. गेस्ट ब्लॉगिंग आणि मोबाईलवर नीट चालणारी वेबसाइट या दोन गोष्टी त्यासाठी उपयोगी पडतात. त्या कशा काम करतात आणि त्यांच्या नावाखाली फसवणूक कुठे होते, हे समजून घेऊ.

दूरच्या ओळखीची ताकद

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा एक प्रसिद्ध निबंध १९७३ मध्ये आला. लोकांना नोकरी कुणाच्या ओळखीतून मिळाली, याची चौकशी त्यांनी बोस्टनजवळच्या एका उपनगरात केली होती. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांची त्या व्यक्तीशी वारंवार भेट होत असे, असे लोक जेमतेम १७ टक्के होते. बाकीच्यांना उपयोगी पडलेली माणसे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारी होती. कारण साधे आहे. जवळच्या माणसांचे जग आपल्यासारखेच असते, त्यामुळे त्यांना माहीत असते ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते. दूरची ओळख आपल्याला दुसऱ्या वर्तुळात नेते.

व्यवसायाचेही तसेच आहे. आपले दहा व्हॉट्सॲप गट पाहिले तर त्यांत बऱ्याच अंशी तीच माणसे दिसतात. अकराव्या गटात पोस्ट टाकून नवा ग्राहक मिळत नाही. त्यासाठी दुसऱ्याच्या वर्तुळात जावे लागते, आणि तेही काहीतरी देण्यासाठी.

गेस्ट ब्लॉगिंग म्हणजे काय?

ज्या वेबसाइटला आधीपासून वाचक आहेत, तिच्यासाठी आपण आपल्या विषयातील उपयुक्त लेख लिहून देतो. लेखाखाली आपले नाव, दोन ओळींची ओळख आणि आपल्या वेबसाइटची लिंक असते. त्या साइटला चांगला मजकूर मिळतो, वाचकाला माहिती मिळते आणि आपली ओळख नव्या लोकांशी होते.

सोशल मीडियावरील पोस्टचे वेळापत्रक लावून देणाऱ्या ‘बफर’ या कंपनीचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. २०१० च्या अखेरीस सुरू झालेल्या या कंपनीचे सहसंस्थापक लिओ विड्रिच यांनी सुमारे नऊ महिन्यांत दीडशेच्या आसपास लेख इतरांच्या साइटवर लिहिले. पहिले एक लाख वापरकर्ते मिळण्यात या लेखांचा मोठा वाटा होता, असे त्यांनी नंतर सांगितले. सुरुवातीच्या लेखांतून जवळजवळ कुणीच आले नव्हते, हेही त्यांनी सांगितले आहे. म्हणजे हा मार्ग स्वस्त आहे, पण झटपट नाही.

आपल्या मातीतले उदाहरण घेऊ. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात. पिढ्यानपिढ्या चर्मकार कारागिरांच्या हातून घडलेली ही चप्पल जून २०२५ मध्ये जगभर चर्चेत आली. इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारख्या सँडल दाखवल्या होत्या आणि कारागिरांचा उल्लेख केला नव्हता. महाराष्ट्रातून आवाज उठल्यावर कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या दिवसांत ‘खरी कोल्हापुरी कशी असते’ याचे कुतूहल अनेकांना वाटले असेल. त्याचे सर्वांत चांगले उत्तर कारागिराच्या घरातील मुलगा किंवा मुलगीच देऊ शकते.

समजा, अशी एक मुलगी चपला ऑनलाईन विकते. तिने ‘आमच्या चपला घ्या’ असा लेख दिला तर तो कुणी छापणार नाही. पण लग्नाच्या कपड्यांविषयीच्या साइटसाठी ती ‘नऊवारीवर आणि सलवारवर कोणती कोल्हापुरी शोभते’ हे लिहू शकते. पर्यटनाच्या साइटसाठी ‘कोल्हापुरात चप्पल घेताना काय पाहावे’ हा विषय आहे. त्यात वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेले कातडे कसे ओळखायचे, खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने केलेली शिवण कुठे दिसते, पावसात भिजलेली चप्पल उन्हात का वाळवू नये, हे सांगता येईल. कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार तिने समजावले की वाचकाला कळते, ही बाई जाणकार आहे. विश्वास तिथे तयार होतो आणि मग वाचक लिंकवर बोट ठेवतो.

लेख द्यायचा कसा?

आधी आपला ग्राहक काय वाचतो ते शोधा. साइट मोठी असण्यापेक्षा तिचे वाचक आपल्या विषयाचे असणे महत्त्वाचे. तिथले दहा लेख वाचा आणि कोणता प्रश्न सुटलेला नाही ते पाहा. मग संपादकांना छोटे पत्र लिहा : मी कोण, तुमच्या वाचकांसाठी कोणता विषय लिहू इच्छितो, त्यात कोणते तीन मुद्दे येतील. एकच मजकूर वीस ठिकाणी पाठवू नका. प्रत्येक साइटला नवा लेख द्या. एआयकडून काढलेला सरधोपट मजकूर पाठवाल तर संपादकही ओळखतो आणि वाचकही. आपल्या हाताने केलेल्या कामाची माहिती हेच आपले भांडवल आहे.

लेखातील लिंक वेबसाइटच्या पहिल्या पानावर न नेता विषयाशी जुळणाऱ्या पानावर न्या. प्रत्येक ऑर्डरच्या वेळी ‘आमच्याविषयी कुठे वाचलेत?’ हा एक प्रश्न विचारा आणि वहीत नोंद करा. सहा महिन्यांनी कोणता लेख कामी आला हे ती वहीच सांगेल.

‘शंभर लिंक पाच हजारांत’ : या पॅकेजपासून सावध

अनेक तरुणांना असे फोन येतात. आम्ही तुमच्या साइटच्या शंभर लिंक लावून देतो, तुम्ही गूगलवर पहिल्या पानावर याल, असे सांगितले जाते. यामागचा इतिहास माहीत असावा. १९९८ मध्ये गूगलची सुरुवात झाली ती एका कल्पनेवर : एखाद्या पानाकडे जितक्या चांगल्या पानांवरून लिंक येते, तितके ते पान महत्त्वाचे. ही कल्पना कळताच लिंकांचा बाजार उभा राहिला. गेस्ट ब्लॉगिंगही त्या बाजारात ओढले गेले आणि केवळ लिंकसाठी लिहिलेल्या निकृष्ट लेखांचा ढीग साचला. जानेवारी २०१४ मध्ये गूगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे प्रमुख मॅट कट्स यांनी स्पष्ट केले की, केवळ शोधातील क्रमांक वाढवण्यासाठी केलेले गेस्ट ब्लॉगिंग आता थांबवावे. नव्या वाचकांपर्यंत पोहोचण्यासाठी चांगल्या साइटवर लिहिण्याला त्यांची हरकत नव्हती.

आज पैसे देऊन घेतलेली लिंक ‘स्पॉन्सर्ड’ म्हणून नोंदवावी असा गूगलचा नियम आहे. २०१९ पासून त्यासाठी वेगळी खूण आहे. अशी लिंक लपवून लावल्यास ती मोजली जात नाही किंवा साइट शोधात मागे पडू शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध लपवू नये, ही त्यांतील अपेक्षा आहे. तेव्हा पाच हजार रुपये अशा पॅकेजमध्ये घालण्याऐवजी मालाचे चांगले फोटो काढा.

वाचक आला, पण पान उघडलेच नाही

लेख वाचून माणूस आपल्या साइटवर येतो, तेव्हा बहुधा त्याच्या हातात मोबाईल असतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि अनेक घरांत पहिले इंटरनेट मोबाईलवरच आले. त्या घरांनी संगणक कधी घेतलाच नाही. असे असूनही साइट बनवताना आपण ती लॅपटॉपच्या पडद्यावर पाहून मंजूर करतो.

एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेईल अशा रचनेला ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतात. हे नाव इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये दिले. एप्रिल २०१५ पासून मोबाईलवरील शोधात गूगलने मोबाईलला सोयीच्या पानांना झुकते माप दिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये गूगलने जाहीर केले की, साइटची पारख यापुढे तिच्या मोबाईलवरील रूपावरून केली जाईल. हा बदल २०२३ पर्यंत पूर्ण झाला. म्हणून मोबाईलवर न दिसणारी माहिती गूगलसाठी जवळजवळ नसल्यातच जमा असते.

चांगल्या पानासाठी गूगलने मापेही दिली आहेत. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट ठेवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर वर-खाली उडू नये. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या मोफत साधनात साइटचा पत्ता टाकला की हे तपासता येते. त्याहून सोपी परीक्षा अशी : घरातील सर्वांत जुना, स्वस्त फोन घ्या, वायफाय बंद करा आणि स्वतःच्या साइटवर एक वस्तू खरेदी करून पाहा.

बहुतेक दोष मोजकेच असतात :

१. फोटो जड असतात. फोनमधून काढलेला फोटो कित्येक एमबीचा असतो. तो लहान करून दीड-दोनशे केबीपर्यंत आणून मगच टाका.

२. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर नीट दिसत नाही, म्हणून त्याचे चित्र करून टाकले जाते. चित्रातला मजकूर शोधात सापडणे अवघड असते आणि दृष्टिहीन व्यक्तीचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा.

३. फोन नंबर नुसता लिहिलेला असतो. बोट ठेवताच फोन लागला पाहिजे. बटणे मोठी आणि एकमेकांपासून दूर ठेवा.

४. ऑर्डरचा फॉर्म लांबलचक असतो. नाव, पत्ता, नंबर आणि यूपीआयने पैसे भरण्याची सोय, एवढे पुरते.

५. विक्रेता कोण आहे हेच कळत नाही. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार साइटवर व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कुणाकडे करायची हे द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. अनोळखी ग्राहक पैसे पाठवण्यापूर्वी हेच शोधतो.

साइटची मालकी आपल्याच नावावर

साइट बनवून देणारे कधी कधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतात. पुढे वाद झाला की व्यवसायाचा पत्ताच हातातून जातो आणि सर्व लेखांतील लिंक त्याच्याकडे जातात. डोमेन आपल्या ई-मेलवरून, आपल्या नावावर घ्या आणि नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप वापरावेच, पण ती जागा भाड्याची आहे. खाते एका रात्रीत बंद झाले तर दाद मागणे कठीण जाते.

कार्यकर्त्यांनाही इथे काम आहे. वस्तीतल्या एखाद्या युवा गटाने महिन्यातून एक रविवार ठेवावा. एकाने लेख लिहावा, दुसऱ्याने शुद्धलेखन तपासावे, तिसऱ्याने प्रत्येकाची साइट स्वस्त फोनवर उघडून दोष सांगावेत. वर्षभर महिन्याला एक लेख दिला तर बारा नव्या वर्तुळांत आपले नाव पोहोचते. पहिल्या तीन लेखांतून काही आले नाही तरी थांबू नका. व्यापारी घरांची ओळख तयार व्हायला पिढ्या लागल्या. आपली ओळख आपल्यालाच तयार करायची आहे आणि तिची सुरुवात आपल्याला नीट येणाऱ्या कामाविषयी लिहिलेल्या एका लेखाने करता येते.