उचल, कोयता आणि फासे

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच आरपीजी, या खेळाला पट असलाच पाहिजे असं नाही. चार-पाच जण एकत्र बसतात, त्यातला एक जण, म्हणजे खेळवणारा, जग उभं करतो आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन ते पात्र काय करतं, काय बोलतं हे तोंडाने सांगत जातात. पात्राची सगळी माहिती एका कागदावर असते. एखादी गोष्ट जमली की फसली असा प्रश्न आला की फासे टाकायचे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला, तेव्हापासून अशा खेळांचे असंख्य नियमसंच निघाले. त्यांची तुलना करताना सहसा विचारतात की सोपा कोणता आणि अवघड कोणता, पुस्तक किती पानांचं, फासे किती. माझ्या मते ही मोजपट्टीच अपुरी आहे. नियमसंच पारखायचा तर तो काय मोजतो ते पाहावं. कागदावर ज्याचा आकडा लिहिलेला असतो त्याचीच काळजी खेळाडू करतात, आणि गोष्टही त्याच वाटेने जाते. हे तपासायला बीड जिल्ह्याइतकी कडक कसोटी मला दुसरी दिसत नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि त्यांचं सगळं वर्ष एका हिशेबावर चालतं.

आधी नियमांच्या ताकदीचा पुरावा पाहू. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या सुरुवातीच्या नियमांत भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक अनुभवगुण मिळे. राक्षस मारून मिळणारे गुण त्यामानाने किरकोळ. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळायचा, लपतछपत जायचा, राक्षसाशी सौदासुद्धा करायचा. पुढे नाण्यांचे गुण मागे पडले आणि 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूवर मात केल्याचे गुण मुख्य झाले. भुयार तेच, राक्षस तेच, खेळाडूंचं वागणं मात्र बदललं. त्याच्याही आधीचं उदाहरण लिझी मॅगी या अमेरिकन बाईंचं. त्यांनी 1904 मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं आणि पुढे त्या खेळाला दोन प्रकारचे नियम दिले. एका प्रकारात जमिनीचा खंड मालकाच्या खिशात जाई आणि बाकीचे भिकेला लागत. दुसऱ्यात जमिनीचं मोल सगळ्यांच्या कामी येई. पट एकच होता. ‘मोनोपॉली’ त्याच खेळातून निघाला आणि जगभर पोचला तो फक्त पहिला नियम. आपल्याकडच्या मोक्षपटाचंही असंच झालं. परंपरा त्याचं नाव ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात सापांना दुर्गुणांची आणि शिड्यांना सद्गुणांची नावं होती. इंग्लंडला जाऊन आलेल्या सापशिडीत हळूहळू नुसते आकडे उरले.

आता बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या डोंगरपट्ट्यातली ऊसतोड मजुरांची एक टोळी पात्र म्हणून घेऊ. पहिली अडचण कागदावरच येते. जवळपास प्रत्येक नियमसंच असं गृहीत धरतो की एक कागद म्हणजे एक माणूस. ऊसतोडीत मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, हे काम दोघांचं आणि उचलही, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, दोघांच्या नावावर मिळून एकच. म्हणजे इथे एका कागदावर दोन खेळाडू बसवावे लागतील. एकाच्या अंगात ताप भरला तर खाडा पडतो आणि त्याचा दंड त्या एका कागदातून वजा होतो, दुसऱ्याने दिवसभर राबूनही. बाईला दिवस गेलेले असोत की पाळीचा त्रास असो, हिशेबाच्या वहीत त्यासाठी रकाना नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या कागदावर बळ, चपळाई, हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) असे रकाने असतात आणि आताच्या आवृत्तीत रात्रभर झोप काढली की हिट पॉइंट भरून येतात. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा नियम पहिल्याच आठवड्यात खोटा पडेल. 1981 चा ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा भयकथांचा खेळ निदान झीज मोजतो. त्यातला मनाच्या स्थैर्याचा आकडा अनुभवागणिक उतरत जातो आणि पूर्ण भरून येणं कठीण असतं. पण त्यातली भीती परग्रहावरच्या अनाकलनीय शक्तींची आहे. उसाच्या फडातली भीती चांगली कळणारी असते, ती आकड्यांत लिहिलेली असते.

म्हणून मला सगळ्यांत जवळचा वाटतो 1977 चा ‘ट्रॅव्हलर’. वरवर पाहता तो अंतराळयानांचा खेळ. पण त्यातलं यान कर्जावर घेतलेलं असतं आणि दर महिन्याला यानाच्या रोख किमतीचा 240 वा भाग हप्ता म्हणून भरायचा असतो, 480 महिने, म्हणजे चाळीस वर्षं. गोष्ट पुढे ढकलायला या खेळाला खलनायकाची गरज पडत नाही, हप्ता पुरतो. माल मिळेना म्हणून खेळाडू नको त्या ग्रहावर जातात, नको त्या माणसाचं काम अंगावर घेतात. बीडमध्ये हेच काम उचल करते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना, लेकीचं लग्न ठरलेलं असताना किंवा दवाखाना मागे लागलेला असताना टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून पैसे घेतले जातात आणि ते तोडीतून फेडायचे असतात. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की ‘ट्रॅव्हलर’मधलं कर्ज कधी संपणार हे पहिल्या दिवशी ठाऊक असतं. इथे हंगाम संपला, कारखाना बंद झाला, हिशेब झाला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या माथी बसते. ती फेडायला त्याच मुकादमाकडे पुन्हा जावं लागतं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. खेळाच्या भाषेत तो एका आकड्यातला बदल झाला. आकडा वाढला म्हणून उचलीचं हे यंत्र बदललं का, हे पाहायला नियम मांडून पाहण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

फाशांचंही तसंच. वीस पैलूंचा एकच फासा टाकला तर एक ते वीस यातला प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखी, पाच टक्के. म्हणजे एक पडला की फसलं असं धरलं, तर कसलेला माणूसही विसातून एकदा सपशेल फसतो. साहसकथेत याची मजा येते. पण वीस हंगाम कोयता चालवलेली बाई दर विसाव्या मोळीला गाठ चुकवते हे कुणाला पटेल? ‘गर्प्स’सारखा 1986 चा नियमसंच तीन साधे फासे एकदम टाकतो. तिथे दहा किंवा अकरा पडण्याची शक्यता प्रत्येकी साडेबारा टक्के, तीन किंवा अठराची मात्र 216 मध्ये एकेकच. कौशल्य स्थिर राहतं, अपघात विरळा होतो. आपल्या कवड्या हेच फार पूर्वीपासून करत आल्या आहेत. उलथी-सुलथी पडण्याची शक्यता सारखी धरली तर सहा कवड्यांत तीन सुलथ्या पडण्याचे 64 पैकी 20 प्रकार, सहाच्या सहा सुलथ्या पडण्याचा फक्त एक. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 2010 च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने तिसरी वाट काढली. दोन फासे टाकायचे. बेरीज दहा किंवा वर आली तर काम फत्ते, सहा किंवा खाली आली तर संकट, आणि सात ते नऊमध्ये काम होतं पण किंमत मोजावी लागते. पात्राला काही जादा-उणे नसेल तर ही मधली शक्यता 36 पैकी 15, जवळपास 42 टक्के. मुकादमाकडे सुट्टी मागितली, मिळाली, पण खाडा लागला. लेकराला शाळेसाठी गावी आजीजवळ ठेवलं, पण त्याच्या खर्चाला उचल वाढवावी लागली. या माणसांच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय या मधल्या पट्ट्यातच पडतात.

यावर अनुभवी खेळाडू म्हणतील की खेळवणारा तरबेज असेल तर नियम कुठलेही चालतात. हे अर्धं खरं आहे. तरबेज माणूस चुकीच्या नियमांतूनही चांगला खेळ काढतो, पण ते नियम बाजूला ठेवून, आणि मग त्या खेळाचं श्रेय नियमांना देता येत नाही. शिवाय तो माणूस दरवेळी हजर असेलच असं नाही. नव्याने खेळायला बसलेल्या कॉलेजातल्या पोरांच्या हातात पुस्तकच असतं. पुस्तकात तलवारीचे तीस प्रकार आणि कर्जाबद्दल एक ओळ नसेल, तर ती पोरं तलवारच काढणार.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येत नाही: लोकांच्या हालांचा खेळ मांडायचा का? जूलिया बाँड एलिंगबो यांनी 2007 मध्ये अमेरिकेतल्या गुलामगिरीवर ‘स्टील अवे जॉर्डन’ हा आरपीजी लिहिला. त्यात पात्राची ‘किंमत’ हा आकडा असतो आणि तो खेळाडू ठरवत नाही, खेळवणारा ठरवतो. आपली किंमत दुसऱ्याने लावायची, हा अनुभव एका नियमात येतो. भाषण ठोकावं लागत नाही. नाटक-कादंबरीला आपण हा हक्क कधीच दिला आहे. अट एकच, की नियमाने माणसाला सोपं करू नये. मुकादमाचंच पाहा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या सवयीने त्याला हिट पॉइंट देऊन शेवटी हरवायचा राक्षस करणं सहज शक्य आहे आणि ते साफ चूक ठरेल. तो बहुधा त्याच भागातला, पुष्कळदा कधीकाळी स्वतः कोयता धरलेला. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे त्याच्या सहीवर आलेले असतात. एखादा कोयता पळाला तर ती रक्कम त्याच्या गळ्यात पडते. म्हणून मुकादमालाही उचलीचा रकाना असलेला स्वतःचा कागद हवा. तो जुलूम करतो तेव्हा का करतो हे टेबलावरच दिसलं पाहिजे, आणि त्याने जुलूम माफ होत नाही हेही.

हा सगळा शहरी, इंग्रजी शौक आहे असंही कुणी म्हणेल. पण तमाशातली बतावणी काय आहे? वगाचं कथानक ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या रचायचे, समोरच्याचा शब्द झेलून परत टाकायचा. ठरलेल्या चौकटीत तोंडी रचना करणं मराठी माणसाला नवं नाही. खर्चाचाही प्रश्न नाही, कागद, पेन्सिल आणि सहा कवड्या पुरतात. कायद्याची अडचणही आता नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. श्रेय दिलं की कुणीही त्यांचं मराठी करू शकतं, मोडतोडही करू शकतं.

मोडतोड कुठे करावी हेही मला स्पष्ट दिसतं. जॉन हार्पर यांच्या 2017 च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये पात्रांशिवाय सगळ्या टोळक्याचा एक वेगळा कागद असतो आणि लांबणाऱ्या घडामोडींसाठी भाग पाडलेलं वर्तुळ काढतात, प्रसंगागणिक एकेक भाग रंगवत जातात. ऊसतोडीच्या खेळात तसा टोळीचा कागद हवा, आणि त्यावर एक वर्तुळ कोयता बंद आंदोलनाचं. दर वाढेपर्यंत फडात पाऊल टाकायचं नाही असं एकेका टोळीने ठरवलं की एक भाग रंगतो. एखाद्या टोळीने घरच्या अडचणीपायी नवी उचल घेतली की रंगवलेला एक भाग पुसला जातो. वर्तुळ भरेपर्यंत कुणालाच मजुरी नाही, आणि प्रत्येक कोयत्याच्या कागदावर शिल्लक किती दिवसांची आहे ते फक्त त्या दोन खेळाडूंना ठाऊक.