मुलाम्याखालची इमानदारी

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 साली रस्त्यावरून गेल्या; काही घरांत मात्र जुनी पद्मिनी अजून जपलेली आहे. तिचा गंजलेला बंपर पुन्हा चमकवायचा तर आधी जुना क्रोम उतरवून गंज मुळापासून काढावा लागतो. मग पत्रा घासून त्यावर तांबे, निकेल आणि शेवटी क्रोम चढवतात. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ. गंज अडवतो तो मुख्यतः खालचा निकेल. गंजावरच मुलामा दिला, तर लवकरच पोपडे उठतात.

वरच्या कोरड्या धान्याखाली ओले धान्य ठेवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषितांनी (स.) बाजारात हटकले होते. कारागिरालाही तोच दंडक आहे: गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, ते काम आधी चोख करावे. कमाई हलाल होते ती तिथेच.