उंदीर एकाच नावाचे, निकाल मात्र वेगळे

‘उंदरांवर औषध यशस्वी’ अशी बातमी आपण नेहमी वाचतो. पण कोणत्या उंदरांवर? हा प्रश्न आपल्या औषधाशी जोडलेला आहे, म्हणून तो आम्ही आज घेत आहोत.

प्रयोगशाळेत सख्ख्या भाऊ-बहिणींच्या जोड्या सलग २० पिढ्या लावल्या, की त्या वंशातले उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात. मग काहींना औषध दिले आणि काहींना दिले नाही, तर दिसलेला फरक औषधाचाच, असे म्हणता येते.

यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा काळा उंदीर म्हणजे ‘सी५७बीएल/६’. अमेरिकेत क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ साली हा वंश सुरू केला. मूळ उंदीर अ‍ॅबी लॅथ्रॉप या पूर्वीच्या शिक्षिकेने ग्रॅनबी गावात पाळलेले. त्यांतल्या ५७ क्रमांकाच्या मादीवरून हे नाव पडले.

१९५१ साली या वंशाचे उंदीर जॅक्सन प्रयोगशाळेतून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले. तिथून ‘जे’ आणि ‘एन’ अशा दोन शाखा वेगळ्या वाढल्या. प्रत्येक पिढीत डीएनएची नक्कल होताना बारीक चुका होतात. जोड्या घरातल्या घरातच लागत असल्याने अशी चूक थोड्याच पिढ्यांत साऱ्या शाखेत पक्की होऊ शकते.

‘जे’ शाखेत एनएनटी जनुकाचा एक तुकडा गळून गेला आहे. इन्सुलिन कमी पडणे आणि साखर आटोक्यात न राहणे यांच्याशी त्याचा संबंध आढळला. ‘एन’ शाखेत सीआरबी१ जनुकात बिघाड आहे. त्याने डोळ्याच्या पडद्याला इजा होते. म्हणजे मधुमेहाचा किंवा डोळ्यांचा अभ्यास करताना शाखा न पाहिल्यास उंदराचा जन्मजात दोष औषधाच्या माथी बसतो.

हे प्रत्यक्षात घडलेही आहे. पॅरासिटामॉलच्या जादा डोसाने यकृताला होणाऱ्या इजेचा अभ्यास चालू होता. एक जनुक काढलेले उंदीर एका शाखेचे आणि तुलनेचे साधे उंदीर दुसऱ्या शाखेचे निघाले. त्या जनुकाविषयीचा निष्कर्षच दिशाभूल करणारा ठरला. संशोधकांनी २०११ साली हे उघडपणे मांडले.

वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असले, की आम्ही परिचारिका केस पेपरवरचा नंबर ताडून मगच इंजेक्शन देतो. संशोधनातही नावापुढचे एक अक्षर तितकेच मोलाचे आहे.

म्हणून बातमी वाचताना तीन गोष्टी विचारा. प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला? तुलना कुणाशी केली? माणसांवर चाचणी झाली का? उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांनी दिलेली साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.