शोध घेण्याचीही एक शिस्त असते

परदेशांतील शाळांमध्ये संशोधनपर लेखनाची अपेक्षा लवकर सुरू होते. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या डिप्लोमा अभ्यासक्रमात तर प्रत्येक विद्यार्थ्याला ४,००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध लिहावा लागतो. अशा वेळी माहितीचा तुटवडा नसतो. नेमकी आणि विश्वासार्ह माहिती निवडणे हीच खरी कसोटी असते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत निदान झालेल्या प्लेगच्या साथीचा विषय घेऊन ही निवड कशी करावी, ते पाहू.

पहिला प्रश्न शब्दांचा. इंग्रजीत केवळ 'मुंबई' असे लिहून शोधल्यास महत्त्वाची साधने निसटतात, कारण १९९५पर्यंत शहराचे अधिकृत इंग्रजी नाव 'बॉम्बे' होते. पुण्याचेही जुने इंग्रजी रूप 'पूना' आहे. म्हणून दोन्ही रूपे कंसात घालून त्यांच्यामध्ये मोठ्या रोमन अक्षरांत 'ऑर' लिहावे. सलग शब्दसमूह हवा असेल, तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. अनेक अभ्यासकीय डेटाबेसमध्ये शब्दाच्या मूळ भागानंतर तारांकन दिल्यास 'व्हॅक्सीन' आणि 'व्हॅक्सिनेशन' अशी दोन्ही रूपे एकाच वेळी सापडतात.

दुसरा प्रश्न जागेचा. २००४ मध्ये सुरू झालेले गूगल स्कॉलर प्रारंभासाठी उत्तम. एखादा चांगला लेख हाती आला, की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जाता येते आणि 'साइटेड बाय' या दुव्यावरून त्या लेखाचा आधार घेणाऱ्या नंतरच्या संशोधनापर्यंत पुढे जाता येते. इतिहासासाठी जेस्टोर, वैद्यकासाठी पबमेड उपयुक्त. पबमेडमध्ये लेखांना ठरावीक विषयशीर्षके दिलेली असतात. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असला, तरी त्या शीर्षकाखाली लेख मिळतो. ब्रिटिश भारतातील आरोग्यविषयक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, तर भारतीय राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदपत्रे 'अभिलेख पटल'ने ऑनलाइन उपलब्ध केली आहेत. सशुल्क डेटाबेससाठी पैसे भरण्यापूर्वी शाळेच्या ग्रंथपालांना अवश्य विचारावे. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांनाही असे डेटाबेस विनामूल्य वापरता येतात.

तिसरा प्रश्न पडताळणीचा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे चॅटबॉट कधी कधी अस्तित्वातच नसलेले लेख संदर्भ म्हणून देतात. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, पण लेख मात्र काल्पनिक! असा संदर्भ निबंधात गेल्यास विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणावरच प्रश्नचिन्ह उमटते. म्हणून लेखाचे पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधावे, डीओआय क्रमांक असल्यास तो उघडून पाहावा आणि जो मजकूर स्वतः वाचलेला नाही, त्याचा दाखला देऊ नये.

मात्र खरे साधनही परिपूर्ण असतेच असे नाही. सरकारी अहवालांत विलगीकरण, निर्जंतुकीकरण आणि मृत्यूंचे आकडे तपशिलाने मिळतात. ज्यांच्या घरांत सैनिक तपासणीसाठी शिरले, त्यांचा संताप त्या आकड्यांत दिसत नाही. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच वर्षी 'केसरी'तील लेखनावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. या घटनांची पार्श्वभूमी समजून घ्यायची, तर तत्कालीन मराठी लेखनही वाचायला हवे. देवनागरीत 'प्लेग', 'ग्रंथिक सन्निपात' असे शब्द घालून केलेला शोध म्हणूनच इंग्रजी शोधाइतकाच आवश्यक ठरतो.

येथे पालकांना खरा हातभार लावता येतो. निबंध मुलांनीच लिहावा. पण जुन्या मराठीतील एखादा उतारा त्यांच्यासोबत बसून वाचावा, त्याचा अर्थ उलगडून सांगावा. परदेशात वाढणाऱ्या मुलांना आपली भाषा ही केवळ घरात बोलण्याची नसून ज्ञानाचे एक दालन उघडणारी आहे, याचा प्रत्यय त्यातून येईल.